मुशीची बेंबी आणि आपलं मुद्दल

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी मुलांच्या सहलीबद्दल केलेल्या भाषणाचा मजकूर. सभेला येऊ न शकलेल्या ताईंसाठी इथे देत आहोत.)



आजच्या विषयपत्रिकेत पाचव्या नंबरला "मुलांच्या अभ्यास सहलीचा अहवाल" असं लिहिलंय. किती मुलं गेली, किती खर्च झाला, पावत्या कुठे आहेत, हे कोषाध्यक्ष ताई सांगतीलच. मी हिशोब सांगायला उभी नाही. त्या दिवशी मुलांनी काय बघितलं आणि त्याचा आपल्या गटांशी काय संबंध आहे, ते सांगायला उभी आहे. जास्त वेळ घेणार नाही. पण मध्येच उठून जाऊ नका, कारण शेवटी तुमच्याकडून चार गोष्टींवर होकार हवा आहे.

मार्चच्या पहिल्या शनिवारी आठवी-नववीची 38 मुलं, दोन शिक्षक आणि आपल्या तीन सीआरपी ताई असे सगळे मालवण तालुक्यातल्या बंदरावर गेले होते. सहलीचा विषय होता शार्क मासा आणि समुद्रातलं जीवन. शार्क म्हटल्यावर अर्ध्या मुलांना सिनेमा आठवला. मोठे दात, रक्त, आरडाओरडा. एका मुलाने गाडीतच विचारलं, "मॅडम, तो आपल्याला खाणार नाही ना?" बंदरावर पोचल्यावर समुद्रविज्ञान शिकणाऱ्या एका ताईने टोपलीतला एक मासा उचलून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "हा घे शार्क." तो मुलगा बघतच राहिला. कारण ती होती मुशी. आपली मोरी. घरी जिचं मटण करतात आणि भाकरीबरोबर खातात, ती.

तुमच्यातल्या अर्ध्या जणी किनाऱ्यावरच्या आहेत. त्या म्हणतील, यात नवीन काय, आमचा जन्म मुशी कापण्यात गेला. अर्ध्या जणी डोंगराकडच्या गावांतल्या आहेत. त्या म्हणतील, आमचा समुद्राशी काय संबंध? दोघींनाही सांगते, जरा ऐका.

मुलांनी हात लावून काय शिकलं

त्या ताईने मुलांना मुशीच्या अंगावरून हात फिरवायला सांगितला. डोक्याकडून शेपटीकडे फिरवला तर मऊ लागतं. उलट शेपटीकडून डोक्याकडे फिरवला तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत. कारण तिच्या कातडीवर दातांसारखेच अगदी बारीक खवले असतात. मग कल्ले दाखवले. बांगड्याला कल्ल्यावर एक झाकण असतं, मुशीला मात्र बाजूला पाच उघड्या चिरा असतात. तिच्या अंगात हाडं नसतात. आपल्या कानाची पाळी जशी वाकते, तशा कूर्चेचा सगळा सांगाडा. पाकट हीसुद्धा तिचीच बहीण.

मग तिने एक पिल्लू उताणं केलं आणि दोन पुढच्या परांच्या मध्ये पोटावर बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे?" तिथे एक बारीकशी चीर होती, नीट न भरलेल्या जखमेसारखी. कोणी म्हणालं गळ लागलाय, कोणी म्हणालं दुसऱ्या माशाने चावलंय. ती म्हणाली, "ही बेंबी आहे."

ताईंनो, तुम्ही आत्ता जशा हसलात, तशीच मुलं हसली. पण हे खरं आहे. बांगडा, तारली, सुरमई पाण्यात अंडी सोडतात आणि निघून जातात. बहुतेक मुश्या तसं करत नाहीत. पिल्लू पोटात वाढवतात आणि जिवंत जन्माला घालतात. आपल्या बाजारात येणाऱ्या बऱ्याच मुश्यांत तर पिल्लाला आईशी जोडणारी नाळ असते, आपल्यासारखीच. जन्मल्यावर नाळ तुटते आणि तिथे खूण राहते. ती काही आठवड्यांत भरून येते. म्हणजे बेंबी उघडी दिसली, की समजायचं हे पिल्लू नुकतंच जन्मलेलं आहे.

तिथे मासे विकायला बसलेल्या एक काकी हे सगळं ऐकत होत्या. त्या आपल्याच एका गटाच्या सदस्य आहेत, तीस वर्षं हेच काम करतात. त्या पुढे येऊन म्हणाल्या, "ही खूण मी हजार वेळा बघितली. मला वाटायचं जाळ्याचा काच बसलाय." मग त्यांनी आपल्या टोपलीतली एकेक मुशी उताणी करून बघायला सुरुवात केली. बघता बघता त्या गप्प झाल्या.

सगळ्या लहान मुश्या पिल्लं नसतात

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे उगाच कोणी कोणावर आरोप करणार नाही. आपल्या बाजारात रोज दिसणारी ती करड्या रंगाची, चपट्या फावड्यासारख्या नाकाची मुशी मुळातच लहान जातीची आहे. हातभर झाली की ती पूर्ण वाढलेली असते. ती लवकर वयात येते आणि पिल्लंही लवकर देते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त तीच मिळते.

पण हातोड्यासारख्या डोक्याची जी मुशी असते, तिचं पिल्लू जन्मतःच हातभर लांब असतं. तिची आई दहा फुटांपर्यंत वाढते. म्हणजे टोपलीत शेजारी शेजारी दोन हातभर मुश्या पडलेल्या असतात. एक चार बाळंतपणं केलेली बाई असते आणि दुसरी काल जन्मलेलं लेकरू. लांबीवरून कळत नाही, बेंबीवरून कळतं.

आता जरा हिशोब करू. हिशोबात आपण बायका पक्क्या आहोत. बांगड्याची एक मादी हजारोंनी अंडी सोडते आणि बांगडा एक-दोन वर्षांत वयात येतो. त्यातले बरेच पकडले गेले तरी उरलेले भरून काढतात. परांची टोकं काळी असलेली एक मोठी मुशी असते. ती वयात यायला चार ते सात वर्षं घेते. तिचे दिवस जायला दहा-बारा महिने लागतात, म्हणजे आपल्यापेक्षाही जास्त. एका वेळी पिल्लं होतात साधारण चार ते सात. आणि मग एक वर्ष विश्रांती. हातोड्या मुशीला पिल्लं जास्त होतात, पण तिची मादी वयात यायला आणखी कितीतरी वर्षं लागतात.

आपल्या गटात आपण काय शिकतो? बचत हे मुद्दल. त्यातून अंतर्गत कर्ज द्यायचं, व्याज येतं, त्या व्याजावर गट वाढतो. एखाद्या गटाने दिवाळीला मुद्दलच वाटून खाल्लं तर? सण छान होतो, पण पुढच्या महिन्यात कोणाच्या पोराच्या दवाखान्याला पैसे नसतात. असे फुटलेले गट आपण बघितले आहेत. बांगड्याचं व्याज भराभर येतं. मोठ्या मुशीचं व्याज फार सावकाश येतं. तिची आई आणि पिल्लू दोन्ही टोपलीत आलं, की आपण मुद्दल खातोय.

आणि हे फक्त आपल्याकडे नाही. खोल समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या 1970 पासून सुमारे 71 टक्क्यांनी घटली, असं शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये मोजून सांगितलं. जगात शार्कच्या हल्ल्यात वर्षाला साधारण दहाच्या आत माणसं दगावतात. आणि माणसं वर्षाला सुमारे 10 कोटी शार्क मारतात असा अंदाज आहे. कोणी कोणाला घाबरायला हवं, ते तुम्हीच ठरवा.

ती माहेरी येते

दुपारी मुलं खाडीत गेली, कांदळवन बघायला. तिथे त्यांना साखळी समजावली. कांदळाची पानं चिखलात पडून कुजतात, त्यावर बारीक जीव, खेकडे, कोळंबी जगतात. ती खायला लहान मासे येतात, त्यांच्यामागे मोठे मासे, आणि सगळ्यांच्या वर मुशी. आजारी, कमजोर मासे ती आधी उचलते. मधल्या माशांची संख्या आवाक्यात ठेवायला मदत करते. रानात वाघ-बिबट्याचं जे काम, ते समुद्रात तिचं.

पण मुलांच्या वह्यांत सगळ्यात जास्त जणांनी लिहून आणलेली गोष्ट वेगळीच आहे. बऱ्याच जातींच्या मुश्या बाळंतपणासाठी किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात येतात, कारण तिथे पिल्लांना खायला मिळतं आणि मोठ्या माशांपासून लपायला जागा असते. अमेरिकेजवळ बहामा नावाची बेटं आहेत. तिथल्या बिमिनी बेटावर शास्त्रज्ञांनी लेमन शार्कच्या पिल्लांवर खुणा करून वर्षानुवर्षं नोंद ठेवली. त्यात दिसलं, की तिथे जन्मलेल्या काही माद्या चौदा ते सतरा वर्षांनी पिल्लं द्यायला परत तिथेच आल्या. एका मुलीने वहीत लिहिलंय, "शार्क पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते."

ही माहेराची गोष्ट आपल्या शेजारी, गुजरातमध्ये, खरोखरच कामाला आली आहे. व्हेल शार्क हा जगातला सगळ्यात मोठा मासा. एसटीच्या गाडीएवढा होतो, पण दात लावून कोणाला खात नाही. तोंड उघडून पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळच्या बाजूला, त्याची मोठी शिकार व्हायची. त्याच्या काळजाचं तेल काढून होड्यांना लावायचे, मांस परदेशी जायचं. माइक पांडे यांनी त्यावर एक माहितीपट केला, तेव्हा बाहेर लोकांना कळलं. 2001 मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकलं. म्हणजे वाघाला जेवढं संरक्षण, तेवढं त्याला.

पण कायदा झाला म्हणून जाळ्यातला मासा कोण सोडतो? जाळं कापायचं म्हणजे हजारोंचं नुकसान. 2004 पासून तिथे वन विभाग, एक वन्यजीव संस्था आणि एक कंपनी यांनी मिळून मोहीम काढली. कथाकार मोरारी बापूंनी लोकांना सांगितलं, की ही आपल्या घरी बाळंतपणाला आलेली लेक आहे, तिला मारू नका. तिला नाव दिलं "व्हाली", म्हणजे लाडकी. त्याबरोबर कापलेल्या जाळ्याची भरपाई द्यायला सुरुवात केली. त्यानंतर तिथल्या मच्छीमारांनी शेकडो व्हेल शार्क जाळी कापून सोडले. मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. लेक म्हटल्याने मन वळलं. आणि भरपाई मिळाल्याने हात वळला. नुसतं एक करून भागलं नसतं.

"मोरी इकूची नाय तर खावचा काय?"

आता तुमच्या मनातला प्रश्न. तो मी काढायची गरज नाही, बंदरावर तो मला तोंडावर विचारला गेला. एक मावशी म्हणाल्या, "गो बाय, मोरी इकूची नाय तर खावचा काय?"

प्रश्न बरोबर आहे. ती मावशी पहाटे चारला उठते, लिलावात उसनवारी करून टोपली उचलते, टेम्पोचं भाडं भरते. तिच्यावर गटाचा हप्ता आहे. तिला शहरातून आलेल्या कोणी "शार्क वाचवा" म्हणून सांगणं सोपं आहे. शिवाय जाळं तिने टाकलेलं नसतं. टोपली तिच्याकडे येते तेव्हा मासा मेलेला असतो. आणि समुद्र रिकामा करण्यात लहान होडीचा वाटा किती आणि पर्ससीनचा, एलईडी दिव्यांच्या मासेमारीचा वाटा किती, हे आपल्या किनाऱ्यावर कोणाला सांगायला नको. एलईडीवर 2017 मध्ये बंदी आली, पर्ससीनवर 2016 पासून निर्बंध आहेत. तरीही रात्री समुद्रात काय दिसतं, ते तुमची घरची माणसं तुम्हाला सांगतात.

म्हणून मी असं म्हणत नाही, की मुशी विकू नका. रोजच्या त्या फावड्या नाकाच्या मुशीबद्दल तर माझं काहीच म्हणणं नाही. पण ज्या मावशीने प्रश्न विचारला, तिनेच पुढे सांगितलं, की तिच्या सासूच्या काळात बैलगाडीत मावणार नाहीत एवढ्या मोठ्या मुश्या यायच्या आणि आता वर्षाला एखादी दिसते. पर्ससीनवाल्याचं एक बंदर रिकामं झालं तर तो दुसऱ्या बंदरावर जाईल. तिची टोपली कुठे जाईल? मुशी वाचवायची ती मुशीवर उपकार म्हणून नाही. तिच्या सुनेलाही टोपली मिळावी म्हणून.

माहीत असायलाच हव्यात अशा दोन गोष्टी

पहिली, कायदा. 2001 पासून व्हेल शार्क, करवतीसारखं लांब नाक असलेले करवत मासे, मोठा गिटार मासा आणि आणखी काही जाती पूर्ण संरक्षित आहेत. पकडणं, विकणं, पर बाळगणं, सगळा गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. शार्कच्या परांची निर्यात 2015 पासून बंद आहे. 2022 च्या दुरुस्तीत संरक्षित जातींची यादी आणखी मोठी झाली. कोणी व्यापारी "पर वेगळे काढून दे, जास्त पैसे देतो" म्हणाला, तर पकडली जाणार आहे ती टोपलीवाली, व्यापारी नाही. हे ध्यानात ठेवा.

दुसरी, भरपाई. ही आपल्या महाराष्ट्रातही आहे आणि पुष्कळ घरांना माहीत नाही. डिसेंबर 2018 पासून संरक्षित समुद्री प्राणी जाळ्यात अडकला आणि जाळं कापून त्याला जिवंत सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीसाठी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क, सगळे त्यात येतात. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून हे करतात. सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ लागतो. म्हणून घरी सांगून ठेवा, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत का होईना पण होडीवर असू द्या. पुरावा नसेल तर भरपाई नाही.

मुलींसाठी थोडंसं

आणखी एक सांगते. बेंबी बघून गप्प झालेल्या त्या काकींची मुलगी त्या सहलीत होती. ती आईला बघून मागे सरकली होती. वर्गात मुलं तिला माशाच्या वासावरून चिडवतात, हे मला तिच्या शिक्षकांनी सांगितलं. मग त्या समुद्रविज्ञानाच्या ताईने काकींना विचारलं, टोपलीतल्या माशांची नावं सांगाल का? काकींनी एका दमात एकोणीस नावं सांगितली. कोणता कुठल्या महिन्यात येतो, कोणता कुठल्या जाळ्यात सापडतो, सगळं. ती ताई वहीत लिहीत होती. आणि मुलं बघत होती, की कॉलेजात शिकलेली बाई टोपलीवाल्या बाईकडून शिकून घेतेय. परत येताना ती मुलगी आईशेजारी उभी राहून फोटो काढून आली.

ज्यांच्या मुलींना यात गोडी वाटते, त्यांनी लक्षात ठेवा. रत्नागिरीला शिरगाव इथे कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे. बारावी सायन्सनंतर चार वर्षांची पदवी मिळते. दहावीनंतर कुठे जायचं हा प्रश्न घरी निघेल तेव्हा हे नाव घ्या. फॉर्मसाठी मी आणि सीआरपी ताई मदत करू.

आणि समुद्र-खाडी राखून पैसेही मिळतात. वेंगुर्ल्यात स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका मांडवी खाडीत पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. तिकडे रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला कासवं राखल्यामुळे लोक यायला लागले आणि घरोघरी पाहुण्यांच्या जेवणा-राहण्याचं उत्पन्न सुरू झालं. लगेच आपल्याला जमेल असं नाही, त्यांनाही प्रशिक्षण आणि वर्षं लागली. पण त्या आपल्यासारख्याच गावातल्या बायका आहेत.

चार गोष्टी

आता ज्यासाठी बसवून ठेवलं, त्या चार गोष्टी.

एक. किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामसंघाने मत्स्यव्यवसाय कार्यालयाचा नंबर आणि संरक्षित माशांची चित्रं फलकावर लावायची. चित्रांसह ताजी यादी कार्यालयातून मागायचा अर्ज आज सभेतच करू, सह्या तुमच्या.

दोन. घरी होडीवर जाणाऱ्यांना बेंबीची गोष्ट सांगायची. जाळ्यात उघड्या बेंबीचं पिल्लू जिवंत दिसलं, किंवा पोट फुगलेली मोठी मुशी जिवंत असली, तर पाण्यात परत. मेलेली असेल तर बोल लावायचा नाही.

तीन. नोंदवही. सहलीतली मुलं दर रविवारी आपल्या मासे विकणाऱ्या ताईंजवळ तासभर बसतील. कोणती मुशी, किती लांब, बेंबी उघडी की भरलेली, एवढंच लिहितील. तीन महिन्यांनी आपल्या हातात आपल्या बंदराचा हिशोब असेल. मागणी घेऊन कार्यालयात जायचं, तर हातात वही असलेली बरी, हे कर्जाच्या वेळी आपण बघितलंच आहे.

चार. डोंगराकडच्या ताईंसाठी. तुमच्या गावचा ओढा खाडीलाच मिळतो. प्लास्टिक, कीटकनाशकांचे डबे ओढ्यात जाऊ द्यायचे नाहीत. आठवडी बाजारात तुम्ही सुकी मासळी घेता, ती याच खाडीतून वाढून येते.

यावर प्रत्येक गटाने आपल्या बैठकीत बोलायचं आणि ठराव लिहून पुढच्या सभेला आणायचा. एखाद्या गटाला पटलं नाही, तर तेही कारणासकट लिहून आणा. मासे विकणाऱ्या ताईंचं म्हणणं आधी ऐकू आणि मगच ठरवू. नोंदवहीसाठी 12 वह्या आणि टेप आणली आहे. जाताना सचिव ताईंकडून सही करून घेऊन जा.